घरातले तळे



या व्यासपीठावरून एरवी राज्यकारभार, वाङ्मय, अर्थकारण अशा भारदस्त विषयांवर बोलले जाते. त्या मानाने काचेच्या टाकीतले मासे आणि पाणवनस्पती हा विषय आपल्याला किरकोळ वाटेल. कार्यवाहांनी विषय विचारला तेव्हा मीही थोडा कचरलो होतो. परंतु ज्या कामात आपल्या हातून एकदा सपशेल चूक झाली आणि ती पुढे बऱ्याच खटपटीने उमगली, त्याविषयी दोन शब्द सांगायला हरकत नाही, असे वाटून मी होकार दिला.

माझी मुलगी सात वर्षांची असताना तिच्या हट्टापायी मी काचेचे एक गोल भांडे, रंगीत खडे आणि सहा सोनमासे घरी आणले. स्वच्छतेचा मी पहिल्यापासून भोक्ता. दर तिसऱ्या दिवशी सारे पाणी ओतून देई, खडे उकळत्या पाण्याने धुई आणि नळाचे ताजे पाणी भरी. दहाव्या दिवशी शेवटचा मासा गेला. मुलगी रडली नाही. तिने एवढेच विचारले, "बाबा, आपण तर सारखं साफ करत होतो ना?" त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. आजचे व्याख्यान हे त्या प्रश्नाचे उशिरा सुचलेले उत्तर आहे, असे समजा.

हे उत्तर खरे म्हणजे फार जुने आहे. १८५० च्या सुमारास रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने लंडनमध्ये एका पात्रात सोनमासे आणि वॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती एकत्र ठेवली. सडक्या पानांनी पाणी बिघडू लागले, तेव्हा ती पाने खाण्यासाठी त्याने गोगलगाई सोडल्या आणि पाणी निवळले. पुढे १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले. आपल्याकडे मुंबईला १९५१ साली सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय तुमच्यापैकी अनेकांनी लहानपणी वडिलांचे बोट धरून पाहिले असेल.

आता मूळ मुद्दा. मासा मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले खाद्य कुजले की त्यातूनही अमोनियाच निघतो. तो माशाला विषासमान आहे. नदीत किंवा तळ्यात हे विष साठत नाही, कारण तेथे एका जातीचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात आणि दुसऱ्या जातीचे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइटही घातकच, नायट्रेट मात्र बरेच सौम्य, आणि वनस्पतींचे तर ते खाद्य. हे जिवाणू खड्यांवर, पानांवर आणि गाळणीच्या स्पंजावर वस्ती करतात. मी दर तिसऱ्या दिवशी उकळत्या पाण्याने जे धुऊन काढत होतो, ती मळी नव्हती. माशांचा रक्षक होता. वर नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने माशांचे कल्ले होरपळत होते ते वेगळेच.

म्हणून टाकी मांडायची तर आधी कागद-पेन्सिल घ्यावी. पहिली गोष्ट जागा. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी टाकी नवशिक्याला उत्तम. गोल भांडे नको आणि फार लहान टाकीही नको. थोड्या पाण्यात विष लवकर दाटते. या टाकीत पंचावन्न लिटरच्या आसपास पाणी मावते. खडे घातल्यावर पंचेचाळीस लिटर धरा. पाणी, खडे आणि काच मिळून वजन सत्तर किलोंच्या घरात जाते. एक धडधाकट माणूस रात्रंदिवस मेजावर उभा आहे, असे समजून मेज निवडा. ते पाणसळ लावून सपाट करा, टाकीखाली थर्मोकोलचा पत्रा घाला आणि टाकी खिडकीपासून दूर ठेवा. ऊन थेट पडले की शेवाळ माजते, आणि वैशाखात पाणी तापते ते निराळेच. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. तीस अंशांना तो साडेसातावर येतो. म्हणजे उन्हाळ्यात माशाला श्वासाची गरज अधिक आणि साठा मात्र कमी.

दुसरी गोष्ट तळ. दोन ते चार मिलिमीटरचे खडे पुढच्या बाजूस दोन इंच आणि मागे तीन इंच पसरावेत. खडे किंवा दगड घालण्यापूर्वी त्यांवर व्हिनेगरचे थेंब टाकून पाहा. फेस आला तर त्यात चुना आहे. तो पाणी जड करील. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड निर्धोक.

तिसरी गोष्ट वनस्पती. पहिल्या खेपेस काटक जातीच निवडाव्यात. मागच्या बाजूला वॅलिस्नेरिया आणि हायड्रिला, मध्ये क्रिप्टोकोरीन. जावा फर्न आणि अनुबियास मात्र दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधावेत. त्यांचे आडवे खोड खड्यांत पुरले तर कुजते. क्रिप्टोकोरीनची पाने लावल्यावर आठपंधरा दिवसांत विरघळतात. घाबरून मुळे उपटू नका, नवी पाने फुटतात. तिच्या काही जाती आपल्या कोकणातल्या ओढ्यांतही वाढतात. पण म्हणून ओढ्यातून उपटून आणू नका. रोपे दुकानातूनच घ्या. पहिल्या दिवसापासून रोपे दाट लावा, दोनचार काड्या लावून भागत नाही. दिवा रोज सहा ते आठ तास पुरे. अधिक उजेड दिला तर वनस्पतींआधी शेवाळच फोफावते.

आणि एक गैरसमज काढून टाकतो. झाडे आहेत म्हणजे प्राणवायूची चिंता नको, असे पुष्कळजण म्हणतात. दिवसा ते खरे. रात्री वनस्पतीही माशांबरोबर प्राणवायूच घेतात. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे मारू लागले, तर कारण बहुधा हेच. तेव्हा पाणी हलते ठेवणारी साधी स्पंजाची गाळणी हवीच.

चौथी गोष्ट पाणी. नळाचे पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवले की साधा क्लोरीन उडून जातो. क्लोरामाइन असेल तर तो तसा जात नाही. त्यासाठी दुकानात मिळणारे क्लोरीननाशक वापरावे.

आणि पाचवी गोष्ट, जी कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही, ती म्हणजे सबुरी. टाकी भरून, रोपे लावून, गाळणी चालू करून मासे न आणता थांबायचे. रोज चिमूटभर खाद्य टाकावे. ते कुजून अमोनिया देते आणि जिवाणूंची वस्ती वाढू लागते. बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. तपासणीच्या थेंबांनी अमोनिया आणि नायट्राइट ही दोन्ही शून्य दिसू लागली, की पाणी पाहुण्यांसाठी सिद्ध झाले. रिकाम्या टाकीकडे महिनाभर पाहत बसणे मुलांना जड जाते, हे मला ठाऊक आहे. पण मुलांना हे सांगून पाहा की टाकी रिकामी नाही, तेथे डोळ्यांना न दिसणारे बिऱ्हाड मांडले जात आहे. मुले समजतात; बहुधा घाई आपल्यालाच असते.

मग पाचसहा छोटे मासे आणावेत. झेब्रा डॅनिओ हा गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला आपलाच मासा. चपळ आणि काटक. सोनमासा नको. तो वीतभर वाढतो, घाण पुष्कळ करतो आणि रोपे उकरून काढतो. दोन आठवड्यांनी तपासणी पुन्हा स्वच्छ आली तरच पुढचे मासे आणावेत. खाद्य दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकेच. दर आठवड्याला पाव भाग पाणी बदलावे आणि स्पंज नळाखाली न धुता त्या काढलेल्या पाण्यातच पिळावा. ते पाणी तुळशीला घाला. त्यातले नायट्रेट तिला मानवते.

शेवटी एक कळकळीची विनंती. कंटाळा आला म्हणून टाकीतले मासे किंवा झाडे नदीत, विहिरीत, तलावात सोडू नका. कोणी याला भूतदया म्हणतात, पण तिचे फळ उलटे येते. काच साफ करतो म्हणून हौसेने पाळला जाणारा दक्षिण अमेरिकेतला सकर मासा आज आपल्या उजनीच्या जलाशयात पसरला आहे. तो कोळ्यांची जाळी फाडतो आणि गावठी माशांच्या वाट्याचे खातो. नको झालेला मासा दुकानदाराला परत द्या किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्या.

माझी मुलगी आता मोठी झाली. गेल्या वर्षी तिने आपल्या घरी टाकी मांडली आणि मला पाहायला बोलावले. गेलो, तो टाकीत नुसती झाडे. मासे कुठे म्हणून विचारले, तर म्हणाली, "अजून तीन आठवडे आहेत, बाबा." मी मुकाट्याने परत आलो, आणि तीन आठवड्यांनी पुन्हा गेलो.