जंप स्टार्टर घेताना

आज ज्या वस्तूबद्दल बोलायचं आहे ती, म्हणजे उतरलेल्या बॅटरीची गाडी सुरू करून देणारा जंप स्टार्टर, वितीएवढी आहे. तरी संयोजकांकडे हा विषय मी आग्रहाने मागून घेतला. जुन्नर-आंबेगावात रात्री गाडीची बॅटरी उतरणं म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आपल्या पश्चिम पट्ट्यात, घाटघरला किंवा आहुप्याला, गाडी उतारावर लावायची जुनी सवय आहे. सकाळी सेल्फ लागला नाही तर गिअर टाकायचा, ढकलायची आणि क्लच सोडायचा. जुन्या जीपला, जुन्या ट्रॅक्टरला हे चालायचं, कारण त्यांचा डिझेल पंप इंजिनाच्याच फिरण्यावर चाले. आजच्या कॉमन रेल पिकअपमध्ये डिझेल कधी आणि किती सोडायचं ते इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ठरवते, आणि तिला वीज बॅटरीतूनच मिळते. बॅटरी पार बसली असेल तर कितीही उतार मिळाला तरी इंजिन पेट घेत नाही. शिवाय इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतात. घाटात हा प्रयोग करूच नका.

दुसरा उपाय म्हणजे दुसऱ्याची गाडी आणि जंप केबल. टोमॅटोच्या हंगामात नारायणगावच्या बाजारात तो पाच मिनिटांत होतो. तिथे रांगेत तासन्‌तास टेप आणि दिवे चालू ठेवून बॅटऱ्या उतरतातही पुष्कळ, आणि मदतीला शंभर हात असतात. पण माल उतरवून पहाटे परतताना, दोन्ही बाजूंना ऊस असलेल्या वस्तीच्या रस्त्यावर गाडी बंद पडली तर? माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे, ते का आहे हे आपल्याला ठाऊक आहे. अशा जागी दुसऱ्या गाडीची वाट पाहत उभं राहणं मला मान्य नाही. बॅटरी पार बसली की हेडलाइटही नसतो आणि हॉर्नही वाजत नाही. म्हणून माझं पहिलं सांगणं असं, की जंप स्टार्टर चालकाच्या हाताशी, केबिनमध्ये असावा, क्रेटखाली नव्हे. आणि त्याला चांगला टॉर्च असावा. बॉनेट उघडायला उतरण्याआधी तो टॉर्च चौफेर फिरवून पाहता येतो.

आता खोक्यावरच्या आकड्यांकडे येऊ. विक्रेता आधी सांगतो, २०,००० एमएएच. हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलच्या हिशेबाने असतो, म्हणजे एकूण ऊर्जा ७४ वॉट-तास. गाडी सुरू करायला लागते किती? सेल्फने १० व्होल्टला २५० अँपिअर घेतले आणि चार सेकंद फिरला असं धरा. हिशेब तीन वॉट-तासांच्याही आत येतो. तेव्हा एमएएच जास्त असले तर मोबाइल जास्त वेळा चार्ज होईल, एवढंच. खरा प्रश्न साठ्याचा नाही, ते अडीचशे अँपिअर एकदम देता येतात का, याचा आहे.

मग विक्रेता दुसरा आकडा दाखवतो, २,००० पीक अँपिअर. पीक म्हणजे क्षणभराचा उच्चांक. सेल्फ फिरत असताना सलग काही सेकंद किती प्रवाह मिळतो, तो आकडा वेगळा आणि बराच लहान असतो. माहितीपत्रकात तो स्टार्टिंग किंवा क्रँकिंग करंट म्हणून छापलेला असेल तर बघा. छापलेलाच नसेल तर ते खोकं मी खाली ठेवीन. लहान पेट्रोल गाडीला दीडशे-दोनशे पुरतात. डिझेल पिकअपला आणि ट्रॅक्टरला त्याच्या दुप्पट धरून चाला, कारण डिझेल इंजिनात दाब जास्त असतो आणि डिसेंबरात पहाटे ऑइल घट्ट झालेलं असतं.

ट्रक असेल तर आणखी एक गोष्ट. मोठ्या ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. आपली वस्तू १२ व्होल्टची असेल तर तिथे लावायची नाही.

चिमट्यांकडे लोक बघतच नाहीत, आणि मी मात्र सर्वांत आधी तेच बघतो. वायर जाड आणि आखूड हवी, चिमट्याचे दात तांब्याचे हवेत. उलटी जोडणी झाली, चिमटे एकमेकांना टेकले, तर प्रवाह आपोआप तुटला पाहिजे. लाल चिमटा बॅटरीच्या प्लसवर, काळा इंजिनाच्या उघड्या धातूवर, बॅटरीपासून दूर. कारण बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि ठिणगी त्याच्याजवळ नको. बऱ्याच यंत्रांवर बूस्टचं बटण असतं. बॅटरी इतकी बसली की यंत्राला तिची चाहूलच लागत नाही, त्या वेळेसाठी ते आहे. ते दाबलं की अनेक यंत्रांत वरची सगळी राखण बंद पडते. म्हणून आधी प्लस-मायनस दोनदा बघा, मगच बटण.

मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड साठ अंशांवर जातो. लिथियमला ही उष्णता मानवत नाही. सीटखाली, सावलीत ठेवा. लिथियम आयर्न फॉस्फेटचं मिळालं तर चार पैसे जास्त द्या, उष्णतेत ते अधिक सुरक्षित असतं. भारतीय मानक ब्युरोची आयएस १६०४६ नोंदणी आहे का, हेही तपासा. दर तीन महिन्यांनी चार्ज करण्याची शिस्त ज्यांना जमणार नाही, त्यांनी सुपरकपॅसिटरचं यंत्र बघावं. ते उतरलेल्या बॅटरीत उरलेली थोडी वीज काही मिनिटांत शोषून घेतं आणि एकदम सोडतं. बॅटरीत काहीच उरलं नसेल तर मात्र त्याला दुसरीकडून चार्ज करावं लागतं.

गाडी सुरू झाली की चिमटे लगेच काढा, इंजिन बंद करू नका, आणि आळेफाटा, मंचर, जे जवळ असेल तिथल्या बॅटरीवाल्याकडे जा. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्टच्या आसपास दिसले तर अल्टरनेटर ठीक आहे. तेरापेक्षा कमी दिसले तर जंप स्टार्टर कितीही चांगला असो, गाडी पुन्हा बंद पडणार. अल्टरनेटर दाखवल्याशिवाय त्या रात्री घाटाकडे निघू नका.