एक चाल, अनेक कंठ

आषाढी-कार्तिकीला सोलापूर जिल्ह्यांतील पंढरपुराच्या वाटेनें दिंड्या चालूं लागल्या म्हणजे एक गोष्ट सहज कानीं पडते. टाळकऱ्यांच्या दोन रांगा, मध्यें विणेकरी आणि मृदंग. एकानें जनाबाईचा अभंग उचलावा, बाकीच्यांनीं धृपद झेलावें, आणि तो संपतो न संपतो तोंच दुसऱ्यानें त्याच चालीवर सावता माळ्याचा अभंग धरावा. ठेका मोडत नाहीं, चाल बदलत नाहीं. बदलतो तो गाणारा आणि बदलतात ते शब्द.

हें शक्य होतें तें अभंगाच्या घडणीमुळें. मोठ्या अभंगाच्या चरणांत पहिले तीन खंड सहा-सहा अक्षरांचे व चौथा चार अक्षरांचा असतो. मोजणी अक्षरांची, मात्रांची नव्हे; ऱ्हस्व अक्षर लांबवावें, दीर्घ आखडावें, ही मोकळीक गाणाऱ्याला असते. त्यामुळें एका अभंगाला बसलेली चाल दुसऱ्यालाहि बसते. शेवटच्या चरणांत मात्र कवि आपलें नांव गुंफतो. चाल सर्वांची, पण बोल ज्याचे त्याचे, अशी ही वांटणी आहे.

सातासमुद्रांपलीकडे, वेस्ट इंडीजमधील जमैका बेटांत, रेगे गायकांनीं हीच वांटणी आपल्या परीनें केलेली दिसते. तालवाद्यें आणि खर्जांतील स्वर यांनीं बांधलेल्या आधाराला तेथें 'रिडिम' म्हणतात. १९८५ सालीं किंग जॅमी या निर्मात्यानें, विजेवर चालणाऱ्या एका लहान पेटींत आधींच भरलेल्या ठेक्यावरून, 'स्लेंग टेंग' नांवाचा रिडिम सिद्ध केला. त्यावर प्रथम वेन स्मिथ गायला आणि पुढें शेकडों गीतें रचलीं गेलीं. दुसऱ्याच्या रिडिमवर गाणें हें तेथें उणेपणाचें मानीत नाहींत. त्याच आधारावर नवें काय सांगितलें, हें ऐकणारे पारखतात.

आपल्याकडे ज्यांचे अभंग अशा सामायिक चालींवर गाइले जातात, ते कोण? अरणचा सावता माळी, पंढरपूरचा नामदेव शिंपी, त्याच्या घरीं दळणकांडण करणारी जनाबाई, मंगळवेढ्याची गणिकाकन्या कान्होपात्रा, आणि त्याच मंगळवेढ्याचे, महार जातींत जन्मलेले चोखोबा. हीं सारीं गांवें याच जिल्ह्यांतलीं.

चोखोबांना विठ्ठलाच्या देवळांत जाण्याची मनाई होती. मंगळवेढ्यास भिंत कोसळून १३३८ सालीं त्यांचा अंत झाला आणि नामदेवांनीं त्यांच्या अस्थि आणून महाद्वारापाशीं समाधि बांधली, असें परंपरा सांगते. त्यांचे अभंग कीर्तनाभजनांत म्हटले जात राहिले, आणि त्यांच्या जातीचीं माणसें पिढ्यान् पिढ्या त्याच दाराबाहेर उभीं राहिलीं. १९४७ च्या मे महिन्यांत साने गुरुजींनीं पंढरपुरांत उपोषण केलें, तेव्हां तें दार उघडलें.

येथें सामायिक चालीचें सामर्थ्य आणि तिची मर्यादा दोन्ही दिसतात. ज्याला देवळांत उभें राहूं दिलें नाहीं, त्याचें नांव तिनें सहा शतकें लोकांच्या मुखीं ठेविलें. हें लहान काम नव्हे. पण एखाद्याचे शब्द गोड मानून गाणें आणि त्या माणसाला आपल्या शेजारीं उभें करणें, हीं दोन निराळीं कामें आहेत. पहिलें चालीनें केलें. दुसरें माणसांनाच करावें लागतें. दिंडींत चोखोबांचा अभंग उचलला जाईल, तेव्हां धृपद झेलणाऱ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें.