आधीं कोण, मग कोण?

गेल्या पावसाळ्यांत आमच्या वाचनालयाची वीज रात्रीं गेली व पहाटें आली. सर्व्हर आपोआप सुरू झाला. परंतु देवघेवीचा प्रोग्रॅम मात्र बंदच. पुस्तकांची नोंदवही दुसऱ्या यंत्रावर असे, आणि प्रोग्रॅम जागा झाला तेव्हां नेटवर्कची वाट खुली झाली नव्हती. दार बंद पाहून तो पुन्हा निजला! हातानें सुरू करतांच तो मुकाट चालूं लागला. अर्थात् दोष क्रमाचा होता.

लिनक्सच्या बहुतेक सर्व्हरांवर सेवा जाग्या करण्याचें काम २०१० सालीं प्रसिद्ध झालेला 'सिस्टमडी' करतो. वेळ वांचावा म्हणून तो अनेक सेवा एकदमच उठवितो. क्रम आपण सांगावा लागतो. 'आफ्टर' ही ओळ केवळ क्रम सांगते. 'वॉन्ट्स' ही सोबत्यास बोलावते. पंगतींत अमक्यानंतर बसा म्हटल्यानें अमक्यास आमंत्रण जात नाहीं, आणि नुसत्या आमंत्रणानें क्रम ठरत नाहीं. दोन्ही ओळी हव्यात.

शिवाय 'नेटवर्क टार्गेट' म्हणजे नेटवर्कचा कारभारी उठला, एवढेंच. वाट खुली झाल्याचें सांगतें तें 'नेटवर्क-ऑनलाइन टार्गेट'. आम्हीं त्याच्या नांवें दोन्ही ओळी लिहिल्या.

तथापि वाट खुली झाली तरी पलीकडचें यंत्र जागें असेलच असें नाहीं. म्हणून अपयश आल्यास १० सेकंदांनीं पुन्हा प्रयत्न करण्याची 'रीस्टार्ट'ची आज्ञाही जोडली. क्रम हवाच, परंतु बंद दार पुन्हा ठोठावण्याची संवयही हवी.