क्रम जुळला, वेळेचं काय?

स्वागत समितीच्या वतीने या परिषदेसाठी पुण्याच्या नारायण पेठेत आपणा सर्वांचं मनःपूर्वक स्वागत.

एकाच वेळी चालणारे प्रोग्रॅम एकमेकांना निरोप देताना वेळ पाळतील का, हे ते चालवण्याआधीच टाइप सिस्टीमने पडताळायचं, हा आपला विषय. त्याला ही पेठ शोभते. मानाचा पाचवा, केसरीवाड्याचा गणपती इथलाच. विसर्जन मिरवणुकीत कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि मग केसरीवाडा, हा क्रम ठरलेला. मिरवणूक संपणार कधी, एवढं मात्र कुणी विचारू नये!

कोहेई होंडा यांनी १९९३ साली ज्यांचा पाया घातला, त्या सेशन टाइप्सनी निरोपांचा क्रम सांभाळला: कुणी, काय, कुणानंतर पाठवायचं. २०१४ साली लॉरा बोक्की, वेइझेन यांग आणि नोबुको योशिदा यांनी अनेक पक्षांच्या सेशन टाइप्समध्ये घड्याळ आणलं. समजा, पाठवणाऱ्याला ५ मिलिसेकंदांची मुभा आहे आणि घेणारा ३ मिलिसेकंदांपलीकडे थांबत नाही. क्रमात काहीच खोट नाही, तरी निरोप चुकू शकतो. वेळ जाणणारा टाइप हा प्रोग्रॅम तपासणीतच अडवतो.

पण टाइपमधला करार जुळला म्हणून प्रोसेसर तो पाळेलच असं नाही. इथे मथाई जोसेफ आणि मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेतले परितोष पांड्या यांचा १९८६ सालचा निबंध कामी येतो. जोसेफ पुढे पुण्याच्या टीआरडीडीसी या संशोधन केंद्राचे प्रमुख झाले. त्या निबंधातली हिशेबाची रीत अशी: समजा, एक काम स्वतः ४ मिलिसेकंदांचं आहे, पण वरच्या अग्रक्रमाचं २ मिलिसेकंदांचं दुसरं काम दर ५ मिलिसेकंदांनी प्रोसेसर बळकावतं. पहिल्या ४ मध्ये ते एकदा येतं, म्हणून ४ चे ६ झाले. ६ मध्ये ते दोनदा येतं, म्हणून ८. ८ मध्येही दोनदाच येतं, म्हणून हिशेब ८ वर स्थिरावतो. मग त्या कामासाठी टाइपमध्ये ५ मिलिसेकंदांचा वायदा लिहिला, तर टाइप तपासणीत उत्तीर्ण होऊनही तो फोलच ठरेल.

टाइपवाल्यांनी वायदे तपासावेत आणि शेड्यूलिंगवाल्यांनी मिलिसेकंद मोजावेत, अशी वाटणी आपण करून टाकली आहे. या परिषदेत दोघांना मुद्दाम एका मांडवात बसवलं आहे. माझी विनंती एकच: समोरच्याच्या टाइपमध्ये आकडा दिसला, की तो कोणत्या प्रोसेसरवर, कोणत्या अग्रक्रमाने निघाला, हे तिथल्या तिथे विचारा. विद्यार्थ्यांनी तर जरूर विचारावं. वक्त्यांनी रागावू नये.

पेठेतले रस्ते अरुंद आहेत, व्यवस्थेत काही उणं राहिलं तर सांभाळून घ्यावं. पुन्हा एकदा आपलं स्वागत करतो आणि अध्यक्षमहोदयांना परिषदेची सूत्रं हाती घेण्याची विनंती करतो.