पाठीचा कणा आणि हाताचा उपचार
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



विद्यार्थ्यांचा गुणगौरव आटोपल्यावर प्रकृतीविषयी चार शब्द बोलण्याची कामगिरी आपण मजवर सोपविली, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. गेली तीस वर्षे मी मुंबईत भौतिकोपचाराचा व्यवसाय करीत आहे. अलीकडे आपल्या अनेक कुटुंबांतून मला एकच प्रश्न विचारला जातो : ‘पाठीच्या मधोमध गादी सरकली आहे, मोबाइलवर दाखवितात तसा कायरोप्रॅक्टिकचा झटका देऊन ती बसविता येईल काय?’ आजचे माझे बोलणे म्हणजे या प्रश्नाचे उत्तर आहे.

आपण जुन्नर-आंबेगावची माणसे. नारायणगावच्या बाजारातील टोमॅटोचे वीस-वीस किलोंचे क्रेट, ओतूर-आळेफाट्याकडील कांद्याच्या पिशव्या, सातगाव पठारावरील बटाट्याची काढणी आणि भीमाशंकरच्या डोंगरपट्ट्यात दिवसभर ओणवे राहून केलेली भातलावणी, हे सारे अखेर पाठीवरच येते. सबब पाठीची रचना आपणांस ठाऊक असली पाहिजे.

मानेचे ७, पाठीचे १२ व कमरेचे ५ असे २४ सुटे मणके कण्यात असतात. बहुतेक मणक्यांच्या मध्ये एकेक गादी असते; आत मऊ गर, बाहेर चिवट तंतूंचे कडे. हे कडे फाटून गर बाहेर आला म्हणजे आपण ‘गादी सरकली’ असे म्हणतो. मान व कंबर यांची हालचाल मोठी, म्हणून हा विकार बहुधा तेथेच होतो. मधल्या बारा मणक्यांना बरगड्यांचा आधार असल्याने तेथील गादीने त्रास देण्याचा प्रसंग विरळा. अशा शंभर रुग्णांत जेमतेम एक. परंतु याच भागातून मज्जारज्जू जातो आणि त्याची वाट येथे अरुंद असते. म्हणून विकार विरळा असला तरी हलका नव्हे.

उलटपक्षी, एमआरआयच्या कागदावर ‘गादी बाहेर आली’ असे वाचून कोणी अंथरूण धरू नये. १९९५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाठीची काहीही तक्रार नसलेल्या ९० माणसांच्या या भागाचे एमआरआय तपासले, तेव्हा त्यांपैकी ३३ जणांची गादी बाहेर आलेली आढळली. तात्पर्य, केवळ चित्रावरून उपचार ठरत नाही. माणूस तपासावा लागतो.

आता कायरोप्रॅक्टिकविषयी. ‘हाताने केलेले’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून हे नाव पडले. डॅनियल डेव्हिड पामर यांनी १८९५ साली अमेरिकेतील डेव्हनपोर्ट या गावी ही पद्धती सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली या विद्येच्या पूर्ण शिक्षणासाठी किमान ४२०० तासांची, व त्यांत १००० तास देखरेखीखालील रुग्णोपचाराची, अपेक्षा नमूद केली. आपल्याकडे मात्र या व्यवसायाची कायद्याने स्थापन झालेली स्वतंत्र परिषद नाही. चार दिवसांच्या वर्गात शिकलेला आणि चार वर्षे शिकलेला, दोघांची पाटी रस्त्यावरून सारखीच दिसते.

झटका दिला असता ‘कट्’ असा आवाज होतो. तो हाड जागेवर बसल्याचा नव्हे. सांध्यातील द्रवात वायूची पोकळी निर्माण झाल्याचा होय. आखडलेले सांधे व स्नायू त्याने सैल होतात आणि पुष्कळांना बरे वाटते, हे मी नाकारीत नाही. कंबरदुखीत हा उपचार व्यायामादी अन्य मान्य उपचारांच्या तोडीचा ठरला आहे. तथापि बाहेर आलेली गादी त्याने आत ढकलली जात नाही. ती बहुधा कालांतराने, योग्य हालचाल व व्यायाम ठेवला असता, आपोआपच शांत होते. मज्जारज्जूवर दाब असेल तर मात्र तेथे झटका देणे सर्वथा वर्ज्य होय.

हे मी पुस्तकावरून सांगत नाही. माझे थोरले बंधू गावी शेती पाहतात. कांदा भरणीच्या दिवसांत त्यांच्या पाठीत कळ आली व छातीभोवती पट्टा आवळल्यासारखे वाटू लागले. ‘धाकट्याला मुंबईत कशाला घोर?’ म्हणून मला त्यांनी कळविले नाही. एका नामांकित मणके बसविणाऱ्याकडे त्यांना नेले. त्याने पाठीत गुडघा देऊन आवाज काढला. दोन दिवस आराम वाटला. मग पाय जड झाले. पुढे पायातील वहाण निसटून मागे राहिली, तरी त्यांना कळेना. तरीही आणखी तीन खेपा झाल्या आणि महिना गेला. अखेर पुण्यास शस्त्रक्रिया झाली. आज ते काठी घेऊन चालतात.

त्या झटक्यानेच अपाय झाला, असे मी म्हणत नाही; तसे सिद्ध करता येणार नाही. परंतु पायांची शक्ती एकदाही कोणी पाहिली नाही, आणि तो महिना हातचा गेला. त्या गृहस्थाइतकाच दोष आम्हां घरच्यांचा. व वहिनींना फोनवर ‘दादा कसे आहेत?’ एवढे विचारून थांबणाऱ्या माझाही.

म्हणून प्रत्येक घराने पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पाठदुखीबरोबर पाय जड किंवा बधिर होणे, चाल अडखळणे, लघवी-शौचावरील ताबा जाणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ताप, वजन घटणे, रात्री न थांबणारी कळ असल्यास मणक्याचा क्षय तपासावा. वृद्धांस, विशेषतः वृद्ध स्त्रियांस, किरकोळ धक्क्यानेही मणका दबतो. छातीत दडपण व घाम असेल तर ते हृदयाचे दुखणे असू शकते. मंचरचे उपजिल्हा रुग्णालय व जुन्नर, घोडेगावची ग्रामीण रुग्णालये ही पहिली पायरी समजावी. तेथे पाय तपासून निर्धास्त झाल्यावरच हाताच्या उपचाराचा विचार करावा, आणि उपचारकाचे शिक्षण विचारण्यास संकोचू नये.

शेवटी एक विनंती. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ सालीच प्रौढ पुरुषाने वाहावयाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलोंपर्यंत खाली आणावी, अशी शिफारस केली. आपल्या खळ्यावर पिशवी भरताना तिचे वजन आपल्याच हाती असते. ती थोडी हलकी भरावी, दोघांनी उचलावी. आपल्या मुलासाठी जेवढी काळजी, तेवढीच मजुरासाठीही घ्यावी. आणि गावाकडे फोन केला म्हणजे पिकाचा भाव विचारण्याआधी ‘पायांत बळ आहे ना?’ एवढे विचारावे.