बाबा चहा कुठे करायचे?

मी भिलाईत वाढले. बाबा प्लांटमध्ये नोकरीला होते. क्वार्टरच्या एका बाजूला बंगाली कुटुंब, दुसऱ्या बाजूला मल्याळी. नाइट शिफ्ट करून आले की बाबा आधी आईसाठी चहा टाकायचे. भाजी चिरायचे, माझी वेणीही घालायचे.

उन्हाळ्यात आम्ही भंडाऱ्याला आजीकडे जायचो. तिथे हेच बाबा ओसरीवर बसून हाक मारायचे, "अगं, पाणी आण." आई दिवसभर काकूंबरोबर चुलीपाशी. लहानपणी मला बाबा ढोंगी वाटायचे.

पुढे एलिझाबेथ बॉट यांचं 1957 सालचं पुस्तक वाचलं. त्यांनी लंडनमधल्या 20 कुटुंबांचा अभ्यास केला होता. त्यांचं म्हणणं असं : जोडप्याच्या ओळखीची माणसं आपसांतही घट्ट बांधलेली असतील, तर घरात 'बायकांची कामं' आणि 'पुरुषांची कामं' वेगळी राहतात. बाईला मदत बायकांची मिळते, पुरुषाला पुरुषांची. शिवाय सगळ्यांचं एकमेकांवर लक्ष असतं. ती वीण सैल असली, की नवरा-बायकोला एकमेकांवाचून गत्यंतर नसतं.

भिलाईचंच बघा. 1955 मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला, 1959 मध्ये पहिली धमनभट्टी पेटली आणि देशभरातून माणसं आली. आमच्या बंगाली शेजाऱ्यांना आमच्या काकू माहीतच नव्हत्या. बाबांनी भाजी चिरली, तर ते भंडाऱ्याला कळवणार कोण?

पण याची किंमतही होती. धाकट्या भावाच्या वेळी आईजवळ ना सासू होती ना बहीण. बाबांनी रजा काढली. रजा संपली, तेव्हा आई रडली होती. भंडाऱ्याला तिच्या उशाशी चार बायका बसल्या असत्या.

निवृत्तीनंतर क्वार्टर सुटलं आणि दोघं भंडाऱ्याला गेले. मागच्या दिवाळीत मी तिथे होते. सकाळी बाबा गॅसपाशी गेले. तेवढ्यात काकू आल्या. आईनेच त्यांच्या हातातलं भांडं घेतलं : "अहो, तुम्ही बसा, मी करते."

तेव्हा कळलं, बाबा ढोंगी नव्हते. काकूंसमोर नवऱ्याची शोभा होऊ नये, म्हणून आईही धडपडत होती.

मी म्हटलं, "आई, बाबांच्या हातचा चहा मला हवाय. काकूंनाही द्या."

काकूंनी कप घेतला. म्हणाल्या, "साखर कमी आहे." आणि सगळा प्यायल्या.

नाती तोडायला मी सांगत नाही. चारचौघांत आपल्या हातून कोणतं काम सुटतं, एवढं घरी गेल्यावर दोघांनी मिळून बघा.