कुऱ्हाडीनें राखलेलें वन

इंग्लंडचें नांव निघालें कीं सुशिक्षित मराठी माणसाच्या डोळ्यांपुढें प्रथम लंडनचे रस्ते येतात, मग गिरण्यांचीं धुराडीं, आणि इंग्रजी काव्याची गोडी असेल तर हिरवीं कुरणें व त्यांच्या पलीकडे चर्चचा मनोरा. वन मात्र सहसा येत नाहीं. याला कारणहि आहे. ब्रिटनच्या एकंदर भूमीपैकीं शेंकडा अवघा अडीच भाग आज प्राचीन वनाखालीं उरला आहे. 'प्राचीन वन' ही तेथील अभ्यासकांची ठरीव संज्ञा आहे. इंग्लंडांत ज्या जागीं सन १६०० पासून आजवर अखंड वन आहे, म्हणजे शिवछत्रपतींच्या जन्माच्याहि तीस वर्षें आधीपासून जेथें झाडोरा उभा आहे, अशाच जागेला ही संज्ञा लागते. अशीं वनें लहान आहेत, विखुरलेलीं आहेत, आणि प्रवाशांच्या नेहमींच्या वाटेवर तीं येत नाहींत. तथापि त्यांपैकीं एखादें वन सावकाश पाहिलें, तर माणूस आणि अरण्य यांच्या नात्याविषयींचा एक रूढ समज नव्यानें तपासून पाहावा लागतो.

लंडनच्या ईशान्येस सफोक नांवाचा परगणा आहे. प्रदेश बहुतेक सपाट, चिकण मातीचा, धान्याच्या मोठमोठ्या शेतांचा. त्यांतील बरी सेंट एडमंड्स या जुन्या शहराच्या आग्नेयेस कांहीं मैलांवर 'ब्रॅडफील्ड वुड्स' हें वन आहे. त्याचा विस्तार सुमारें ८० हेक्टर, म्हणजे जवळजवळ २०० एकर. सह्याद्रीच्या एखाद्या खोऱ्यांत तें सहज हरवून जाईल. एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या आरंभीं तेथें जाणारा मनुष्य शेतांच्या उघड्या उजेडांतून आंत पाऊल टाकतो आणि वारा थांबल्याचा त्याला भास होतो. पायाखालीं ओली माती असते. पालवी इतकी कोंवळी असते कीं ऊन तिच्यांतून गाळून खालीं उतरतें. जमिनीवर अ‍ॅनिमोनीचीं पांढरीं फुलें पसरलेलीं असतात, प्रिमरोझचे फिकट पिवळे झुपके वाटेच्या दोन्ही अंगांना दिसतात. रस्त्यावरील मोटारींचा आवाज मागें राहतो. मधूनच एखाद्या पक्ष्याचा स्वर येतो, आणि पुन्हां सर्वत्र शांतता पसरते. अशा जागीं ओंडक्यावर टेकलेल्या माणसाला वाटतें कीं मनुष्याचा हात न लागलेली सृष्टि ती हीच.

येथेंच त्याची फसगत होते. तो ज्या झाडांकडे पाहत असतो, त्यांपैकीं बहुतेकांना एकच बुंधा नसतो. जमिनीलगत रुंद, गांठाळ खोड असतें आणि त्यांतून सातआठ सरळ सोट आभाळाकडे गेलेले असतात. ऊस तोडल्यावर त्याच्या बुडख्यांतून फुटवे येतात व खोडव्याचें पीक उभें राहतें, हें दक्षिण महाराष्ट्रांतील शेतकऱ्यास कोणी सांगावयास नको. हेझेल, अ‍ॅश, आल्डर, मेपल या झाडांचाहि तोच धर्म आहे. तीं जमिनीलगत तोडलीं तर मरत नाहींत. पुढल्याच वसंतांत त्यांना दाट फुटवे येतात. ठराविक वर्षांनीं ते पुन्हां तोडण्याजोगे होतात. म्हणून वनाचे लहान लहान भाग पाडावयाचे, दर हिंवाळ्यांत एकेक भाग तोडावयाचा, आणि शेवटचा भाग तोडून होईपर्यंत पहिला पुन्हां तयार व्हावा अशी व्यवस्था ठेवावयाची. ब्रॅडफील्डचें वन याच रीतीनें वाढलें आहे. तेथील एकूणएक वाट, प्रत्येक मोकळी जागा, प्रत्येक दाट जाळी ही कोणत्या ना कोणत्या हिंवाळ्यांतील कुऱ्हाडीची खूण आहे.

ही रीत किती जुनी, याला लेखी आधार आहे. हें वन पूर्वीं बरी सेंट एडमंड्स येथील मोठ्या मठाच्या मालकीचें होतें. त्यांतील एका भागाला 'मंक्स पार्क', म्हणजे साधूंचें उपवन, हें नांव त्यावरूनच पडलें. या वनांत झाडांची अशी पाळीपाळीनें तोड होत असल्याचे दाखले १२५२ सालापासून सांपडतात. आपल्याकडे शके १२१२ मध्यें, म्हणजे १२९० सालीं, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. तिच्याहि आधीं जवळजवळ चाळीस वर्षें सफोकमधील मजूर या वनांत हेझेलच्या काठ्या तोडून त्यांच्या मोळ्या बांधीत होते. पुढें १५३९ सालीं, आठव्या हेन्रीच्या कारकीर्दींत, तो मठ बरखास्त झाला. साधू गेले, मालक बदलले. परंतु वनांतील तोडीचा क्रम सुटला नाहीं.

त्या काळच्या खेड्याचें जीवन या वनावर किती अवलंबून होतें, हें आज ध्यानांत येणें कठीण. मोठें लांकूड आणि बारीक लांकूड असा भेद तेथील लोक काटेकोरपणें करीत. अधूनमधून राखलेले ओक वृक्ष घराच्या तुळयांसाठीं वाढूं देत. बाकीचें सारें बारीक लांकूड. हेझेलच्या काठ्या विणून त्यांवर माती लिंपली कीं घराची भिंत होई. कोंकणांतील कुडाच्या भिंतीची ही दूरची बहीणच. त्याच काठ्यांचीं कुंपणें होत, छपराचें गवत त्यांच्याच चिपांनीं जागच्या जागीं धरून ठेवीत, आणि उरलेलें सर्व चुलींत व भट्टींत जाई. अ‍ॅशचें लांकूड चिवट व सरळ. त्याचे विळ्यांना आणि दांताळ्यांना दांडे होत. विसाव्या शतकांतहि जवळच्या एका दांताळ्यांच्या कारखान्याला या वनांतून लांकूड जात असे. अशा मोलाच्या ठेव्याला राखणहि तशीच होती. वनाच्या कडेनें मातीचा रुंद बांध व त्याच्या बाहेरच्या अंगास चर असे. कोंवळे फुटवे गुरांनीं खाल्ले तर पुढील तोडच बुडेल, म्हणून हा खटाटोप. ते बांध आजहि अशा वनांच्या कडेला ओळखूं येतात.

तोडलेलें झाड मरतें हा आपला स्वाभाविक समज. या वनांत मात्र उलट प्रकार दिसतो. अ‍ॅशचें झाड आपल्या मर्जीनें वाढलें तर साधारणतः दोन शतकांत त्याचें आयुष्य सरतें. जमिनीलगत वरचेवर तोडलेल्या अ‍ॅशचा बुडखा मात्र शतकानुशतकें रुंदावत राहतो, कारण प्रत्येक तोडीबरोबर त्याचें तारुण्य परत येतें आणि वाऱ्यानें उन्मळून पडण्यासारखा भार त्याच्यावर कधीं सांचतच नाहीं. ब्रॅडफील्डमध्यें अशा एका अ‍ॅशचा बुडखा सुमारें १८ फूट रुंद आहे. त्याचा मध्य केव्हांच कुजून गेला आहे. भोंवतीं कड्यासारखे जिवंत फुटवे उभे आहेत. त्याचें वय हजार वर्षांच्या घरांत असावें, असा जाणत्यांचा अंदाज आहे.

वनांतील इतर जीवसृष्टीहि याच क्रमाला सरावलेली आहे. एखादा भाग तोडला कीं तेथें अनेक वर्षांनंतर प्रथमच भरपूर ऊन पडतें. मातींत निजलेलीं बीजें जागीं होतात, सांवलींत कसेबसे तग धरून राहिलेले कंद फुलांवर येतात. दुसऱ्यातिसऱ्या वसंतांत ती जमीन फुलांनीं झांकून जाते. त्यांत ऑक्स्लिप नांवाचें फिकट पिवळें फूल असतें. तें ब्रिटनमध्यें मुख्यतः या पूर्वेकडील चिकण मातीच्या जुन्या वनांतच आढळतें. पुढें फुटवे दाटतात व जाळी तयार होते. अशी जाळी नाइटिंगेल पक्ष्याला आवडते. आपल्याकडील भाषांतरकार त्याला बुलबुल म्हणत आले, पण दोहोंचें कूळ निराळें. आणखी कांहीं वर्षांनीं हेझेलला फळें धरूं लागतात. तीं खाऊन डॉरमाउस हा सोनेरी अंगाचा, झुपकेदार शेपटीचा चिमुकला प्राणी गुबगुबीत होतो आणि साऱ्या हिंवाळ्यांत जमिनीवर आपल्या घरट्यांत निजून राहतो. शेवटीं पुन्हां गर्द सांवली होते, फुलें मागें सरतात, आणि कुऱ्हाडीची पाळी येते. वनाचे निरनिराळे भाग एकाच वेळीं या निरनिराळ्या अवस्थांत असल्यामुळें या लहानशा जागेंत वनस्पतींच्या साडेतीनशेंहून अधिक जाति नांदतात.

या विषयाचे थोर अभ्यासक ओलिव्हर रॅकहॅम हे केंब्रिजमधील कॉर्पस क्रिस्टी कॉलेजचे विद्वान. त्यांचा जन्म सफोकमध्येंच १९३९ सालीं झाला. २०१५ सालीं ते निवर्तले. जुने दस्तऐवज आणि प्रत्यक्ष झाडें हीं दोन्ही शेजारीं ठेवून त्यांनीं वनांचा इतिहास वाचला. जहाजें बांधण्यासाठीं व लोखंडाच्या भट्ट्यांसाठीं इंग्लंडचीं अरण्यें नाहींशीं झालीं, असा समज फार दिवस चालत आला होता. रॅकहॅम यांनीं दाखवून दिलें कीं गोष्ट बरीचशी उलट आहे. ज्या भट्टीला दरवर्षीं कोळसा लागतो, तिचा मालक वन उखडून टाकीत नाहीं. पुढल्या तोडीसाठीं तो तें राखून ठेवतो. वनें नष्ट झालीं तीं मुख्यतः तेथें नांगर घालण्यासाठीं किंवा गुरें चारण्यासाठीं.

खरें संकट आलें तें गरज संपल्यावर. आगगाडीनें खाणींतला कोळसा गांवोगांव पोंचवला, भट्ट्यांना आणि चुलींना दुसरें जळण मिळालें. कुंपणाला तार आली, दांड्यांना स्वस्त लांकूड परदेशांतून आलें. हिंवाळ्यांतील तोड ठिकठिकाणीं थांबली. जें वन कोणाच्या उपयोगाचें राहिलें नाहीं, तें पडीक जमीन ठरलें. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या तीस वर्षांत इंग्लंडांतील कित्येक प्राचीन वनें शेतीसाठीं उखडलीं गेलीं, किंवा त्यांचीं देशी झाडें मारून तेथें परकीय सूचीपर्णी वृक्षांच्या रांगा लावण्यांत आल्या. ब्रॅडफील्डहि यांतून सुटलें नाहीं. १९६० नंतरच्या दशकांत मंक्स पार्कचा मोठा भाग यंत्रांनीं उपटून शेताला जोडण्यांत आला. मठाच्या काळापासून शेंकडों हिंवाळ्यांनीं जें घडविलें, त्याला थोड्याच दिवसांत सपाट मातीचें रूप आलें. तेथें उद्यां पुन्हां झाडें लावलीं तरी ऑक्स्लिप आणि अ‍ॅनिमोनी त्यांच्याबरोबर येत नाहींत. हीं फुलें जुन्या वनाच्या बाहेर अत्यंत मंदगतीनें पसरतात.

उरलेल्या वनासाठीं स्थानिक लोक व निसर्गप्रेमी पुढें आले. चार्ल्स रॉथ्सचाइल्ड यांनीं १९१२ सालीं स्थापन केलेल्या निसर्गरक्षक संस्थेनें १९७० च्या सुमारास तें विकत घेतलें. पुढें त्याची व्यवस्था सफोकच्या वन्यजीव न्यासाकडे आली. न्यासानें वनाला कुलूप घातलें नाहीं. त्यानें जुनी कुऱ्हाड पुन्हां हातीं घेतली, आणि जुन्या रीतीप्रमाणें भागाभागानें तोड चालू ठेवली.

तरी काळजी सरलेली नाहीं. इंग्लंडांत हरणांची संख्या फार वाढली आहे. त्यांत विसाव्या शतकांत मोकळें सुटलेलें चिनी मुंटजॅक आहे. आपल्या भेकराचें तें जवळचें नातेवाईक. हीं हरणें कोंवळे फुटवे व ऑक्स्लिपचीं फुलें खाऊन टाकतात, म्हणून तोडलेल्या भागांना आज पुन्हां कुंपण करावें लागतें. जें काम पूर्वीं गुरांसाठीं बांधानें केलें, तेंच आतां हरणांसाठीं करावें लागत आहे. दुसरें संकट अ‍ॅशवरील बुरशीच्या रोगाचें. तो पूर्व आशियांतून युरोपांत आला, आणि २०१२ सालीं ब्रिटनच्या पूर्व भागांतील वनांत आढळला. हजार वर्षांचा बुडखा कुऱ्हाडीपुढें टिकला; या रोगापुढें अ‍ॅशची जात किती टिकते, याकडे तेथील वनरक्षकांचें लक्ष लागलेलें आहे.

आपल्या सह्याद्रींत देवरायांची परंपरा आहे. देवराईंतील वाळकी काडीसुद्धां घरीं नेऊं नये असा तेथील दंडक. ब्रॅडफील्डचा दंडक याच्या अगदीं उलट: ठरल्या वर्षीं तोड झालीच पाहिजे. दोन्ही ठिकाणचें हवामान निराळें, झाडें निराळीं, श्रद्धा निराळी. म्हणून एका वनाचा नियम दुसऱ्याला लावून चालणार नाहीं. परंतु दोन्ही वनें उभीं आहेत तीं मनुष्य दूर राहिला म्हणून नव्हे. एका गांवानें पिढ्यान्‌पिढ्या एक नियम पाळला, आणि लोभाच्या क्षणींहि तो मोडला नाहीं, म्हणून तीं उभीं आहेत. ज्या दिवशीं तो नियम पाळणारें कोणी राहत नाहीं, त्या दिवशीं देवराईची राई उरत नाहीं आणि साधूंच्या उपवनाचें शेत होतें. ब्रॅडफील्डच्या वाटेवर वसंतांत जी शांतता भेटते, ती मागील कित्येक हिंवाळ्यांत तेथें झालेल्या श्रमांची आहे. आणि पुढील वसंतांत ती तशीच भेटावी, तर येत्या हिंवाळ्यांत कोणी तरी हातांत कुऱ्हाड घेऊन थंडींत त्या वनांत गेलें पाहिजे.